पुड्यातल्या खाऊचं पाम तेल: दोष झाडाचा की जागेचा?

निवांत (धागाकर्ता)

हाताला येईल तो खाऊचा पुडा उलटा करा आणि घटकांची यादी वाचा. क्रीमची बिस्किटं, बटाट्याचे वेफर्स, झटपट नूडल्स, चॉकलेटचा पातळ थर दिलेल्या वड्या, महिनोन्‌महिने मऊ राहणारे केक. बहुतेक ठिकाणी पाम तेल, पामोलीन नाहीतर पामचं कुठलं तरी भावंड सापडतंच.

या विषयावरचं बोलणं नेहमी दोन टोकांना जाऊन अडकतं. एक बाजू म्हणते जंगलं तुटून ओरांगउटान वानरं मरताहेत, पाम बंद करा. दुसरी म्हणते एवढं स्वस्त आणि भरघोस तेल दुसरं नाही, उगाच ओरड करू नका. दोघांकडची माहिती खरी असते. पण ते झाड उभं कुठे आहे, हे दोघंही विचारत नाहीत.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला ठोकायला सोपं. माझ्या मते खरा दोष जागेचा आहे. तेलपाम मूळचा पश्चिम आफ्रिकेतला. १८४८ मध्ये त्याची चार रोपं जावातल्या बोगोरच्या वनस्पती उद्यानात आली, १९१७ मध्ये मलायात (आजच्या मलेशियात) सेलांगोरला पहिला व्यापारी मळा उभा राहिला, आणि आज जगातलं साधारण ८५ टक्के पाम तेल इंडोनेशिया आणि मलेशिया या दोन देशांतून येतं. यातले मलेशियातले कित्येक मळे जुन्या रबराच्या जमिनीवर उभे आहेत. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरचे कित्येक मळे मात्र डोळ्यांदेखत तोडलेल्या जंगलात किंवा पाणी काढून कोरड्या केलेल्या दलदलीत आहेत. दोन्हीकडचं तेल बिस्किटात सारखंच लागतं. पुडा उलटा केला तरी फरक कळत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरी गोम तिथे आहे.

तेव्हा 'पाम वाईट की चांगला' यापेक्षा ही जागा खाणाऱ्याला कळणार कशी, यावर चर्चा झाली तर बरं.

खारूताई

धागा चांगला आहे, पण सुरुवातच मला जरा गुळगुळीत वाटली. दोष जागेचा म्हटलं की सगळेच सुटले. जागा काही आपण होऊन मोकळी होत नाही, कुणीतरी करवत चालवतं, आणि ती चालवायला लागणारा पैसा याच पुड्यांतून जातो.

बोर्निओतल्या ओरांगउटानची गोष्ट घ्या. २०१८ मध्ये 'करंट बायॉलॉजी'त आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा की १९९९ ते २०१५ या काळात तिथले एक लाखाहून जास्त ओरांगउटान कमी झाले. मादी साधारण सात-आठ वर्षांनी एकदा विते, असा हा प्राणी. वर्षाला थोडे जरी जास्त मेले तरी ती तूट पुढच्या पिढीत भरून निघत नाही. बोर्निओची जात २०१६ पासून 'अतिसंकटग्रस्त' यादीत आहे.

मी तर पाम दिसलं की पुडा परत ठेवते. एवढं तरी माझ्या हातात आहे.

रसायनी

पुडा परत ठेवायचा तर ठेवा, पण कारखानदार हेच तेल का धरून बसलाय ते समजून घेतल्याशिवाय वाद पुढे सरकणार नाही.

पाम तेलात साधारण निम्मी चरबी संपृक्त असते, त्यामुळे ते नेहमीच्या तापमानाला अर्धवट घट्ट राहतं. सावकाश थंड करून गाळलं की त्याचे दोन भाग होतात. पातळ भाग म्हणजे पामोलीन, तो कढईत जातो. वारंवार तापवला तरी लवकर खवट होत नाही. घट्ट भाग म्हणजे स्टिअरिन, तो बिस्किटाच्या पिठात, पफच्या पापुद्र्यांत, क्रीममध्ये. बीमधून निघणारं पाम कर्नल तेल वेगळंच, ते तोंडात पटकन वितळतं म्हणून चॉकलेटसारख्या थरात वापरतात. तळून वाळवलेल्या नूडल्समध्ये तर वजनाच्या १५ ते २० टक्के तेलच असतं. ते खवट झालं की अख्खा माल गेला.

आता गंमत बघा. पूर्वी घट्टपणासाठी सूर्यफूल, सोयाबीनसारखी पातळ तेलं हायड्रोजन घालून घट्ट करत. त्यातून ट्रान्स फॅट तयार होतं आणि ते हृदयाला घातक. डेन्मार्कने २००३ मध्ये त्यावर मर्यादा घातली, अमेरिकेने २०१५ मध्ये निर्णय घेतला, जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये साऱ्या जगाला ते हटवायला सांगितलं. मग कारखान्यांनी हायड्रोजन न घालताच घट्ट असलेलं तेल शोधलं, आणि ते कुठलं हे सांगायला नको. आरोग्याचा निर्णय योग्यच होता. त्याचा भार सुमात्रातल्या जंगलावर पडेल हे हिशेबात कुणी धरलं नव्हतं, इतकंच.

लाकूडतोड्या

मग पाम सोडून दुसरं तेल घाला म्हणणाऱ्यांना एकच विचारतो, दुसरं तेल काय आकाशातून पडतं का?

एका हेक्टरमधून पामचं साधारण तीन ते चार टन तेल निघतं. मोहरीवर्गातल्या रेपसीडचं पाऊण टनाच्या आसपास, सूर्यफुलाचं त्याहून थोडं कमी, सोयाबीनचं अर्धा टन. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, म्हणजे आययूसीएन, ही काही पाम कंपन्यांची संघटना नाही. त्यांनीच २०१८ च्या अहवालात म्हटलंय की पामच्या जागी इतर तेलबिया घ्यायच्या तर नऊपटीपर्यंत जमीन लागेल. सोयाबीनसाठी ब्राझीलमध्ये सवाना, म्हणजे गवताळ रान, साफ होतंच आहे. ओरांगउटान वाचवायचा आणि जग्वार घालवायचा, असा सौदा.

खारूताई

लाकूडतोड्या, नाव शोभतंय तुम्हाला. 😀

त्याच अहवालात पाम लागवडीचा १९३ संकटग्रस्त प्रजातींना धोका आहे हेही लिहिलंय, ते तुम्ही वाचलं असेलच. आणि हेक्टरी तेल जास्त निघतं म्हणून जमीन वाचते हा हिशेब कागदावरचा झाला. एखादं पीक हेक्टरी इतकं फायद्याचं ठरलं की माणूस आहे त्या हेक्टरवर थांबतो का? उलट शेजारच्या जंगलावर डोळा जातो. भरघोस उत्पन्नाने जंगल वाचलं असतं तर बोर्निओत आज जंगलच जंगल असतं.

पाणथळ

बराच वेळ वाचत होतो. तुम्ही सगळे झाडं मोजताय, पण धागाकर्त्याने ओझरता उल्लेख केलेली दलदल या सगळ्यात जास्त महत्त्वाची आहे असं मला वाटतं. म्हणून जरा लांबण लावतो.

सुमात्राचा पूर्व किनारा आणि बोर्निओच्या सखल भागात पीटची दलदल आहे. पाणी कायम तुंबलेलं, ऑक्सिजन नाही, त्यामुळे पडलेली पानं, फांद्या, खोडं धड कुजत नाहीत. एकावर एक थर बसत जातो, वर्षाला एखाद-दोन मिलिमीटर. असं हजारो वर्षं चाललं की काही ठिकाणी थर १० मीटरहून जाड होतो. म्हणजे पायाखाली मातीऐवजी अर्धवट कुजलेलं लाकूडच, पाण्यात बुडवून ठेवलेला कार्बनचा साठा.

तेलपामची मुळं तुंबलेल्या पाण्यात टिकत नाहीत. म्हणून आधी कालवे खणतात आणि पाण्याची पातळी जमिनीखाली अर्धा-पाऊण मीटर उतरवतात. हवा लागली की हजारो वर्षं थांबलेलं कुजणं सुरू होतं आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत राहतो. झाडं तोडली ते एका दिवसाचं काम. हे मात्र पाणी उतरलेलं असेपर्यंत रोज चालतं, अख्खा मळा हिरवागार दिसत असताना.

जमीन अक्षरशः खाली बसते. पहिल्या पाच वर्षांत मीटरभर किंवा जास्त, नंतर दरवर्षी साधारण पाच सेंटिमीटर. अशा जुन्या मळ्यांचे फोटो बघा. पामची झाडं सरळ उभी नसतात, कुणी डावीकडे झुकलेलं, कुणी उजवीकडे, बुंध्याखालची मुळं उघडी पडलेली. मुळांना धरायला खाली काही उरलेलंच नसतं. किनारपट्टीवर हे असंच चाललं तर एक दिवस जमीन नदीच्या पातळीला येते आणि पाणी काढायलाही उतार राहत नाही. मग तिथे ना जंगल, ना मळा.

आता आग. कोरडं पीट पेटलं की ज्वाळा दिसतीलच असं नाही, आतल्या आत धुमसतं, आठवडे न्‌ आठवडे. वरून पाणी मारून विझत नाही, इथून विझवलं तर पलीकडे धूर काढतं. मोठा पाऊसच लागतो. २०१५ च्या एल निन्योच्या वर्षी इंडोनेशियात सुमारे २६ लाख हेक्टर जळालं. जागतिक बँकेने नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. बोर्निओच्या इंडोनेशियन भागात, मध्य कालिमंतानच्या पालांगकाराया शहरात हवेचा प्रदूषण निर्देशांक दोन हजारांपर्यंत गेला होता, ३०० च्या वर गेला की तो 'धोकादायक' असतो. धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पोचला. सिंगापूरने त्याच्या आदल्याच वर्षी सीमापार धुराबद्दल कायदा केला होता, यावरून हे दुखणं किती जुनं आहे ते कळेल.

न्याय म्हणून हेही सांगतो की सगळी आग पामच्या माथी मारता येत नाही. कागदाच्या लगद्यासाठी लावलेल्या बाभळीच्या जातीच्या झाडांचे मळेही पीटवरच आहेत. आणि मध्य कालिमंतानमध्ये १९९० च्या दशकात तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या सरकारने भातासाठी दहा लाख हेक्टर दलदल कोरडी करायला काढली. कालवे खणून झाले, भात काही आला नाही, कालवे तसेच राहिले. तो भाग पुढे पुन्हा पुन्हा जळतोय.

बारीकसारीक

पाणथळ, जबरदस्त प्रतिसाद. झुकलेल्या झाडांचे फोटो शोधले, डोक्यातून जात नाहीयेत.

डोंगरवाट

आतापर्यंत कंपनी, खाणारा, प्राणी सगळे आले. पिकवणारा राहिला. इंडोनेशियात पाम लागवडीतलं साधारण ४० टक्के क्षेत्र लहान शेतकऱ्यांकडे आहे. त्यांना हे पीक का आवडतं? लावल्यापासून तीनेक वर्षांत घड लागायला लागतात, मग २५ वर्षं दर दहा-पंधरा दिवसांनी तोडणी. म्हणजे दर पंधरवड्याला हातात पैसा. भाताने किंवा रबराने तो इतक्या नेमाने दिला नाही.

यातली एक अडचण बाहेरच्यांना दिसत नाही. घड तोडला की फळातली चरबी लगेच बिघडायला लागते. २४ तासांत, फार तर दोन दिवसांत गिरणीत पोचून वाफवला गेला पाहिजे, नाहीतर दर पडतो. त्यामुळे गिरणी मळ्यांच्या मधोमध लागते, तिथपर्यंत ट्रक जाईल असा रस्ता लागतो, आणि एकदा गिरणी आणि रस्ता झाला की आसपासचं जंगल आपोआप 'लागवडीलायक' होतं. जंगल तोडणारी पहिली करवत कंपनीची असेलही. पुढच्या दहा मात्र त्या रस्त्याने येतात.

दुसरं, रोपांची फसवणूक. चांगला संकरित पाम, ज्याला टेनेरा म्हणतात, त्याच्या बीचं कवच पातळ आणि गर जास्त. जुन्या ड्युरा जातीचं कवच जाड, तेल कमी. रोप असताना दोन्ही सारखीच दिसतात. शेतकऱ्याला स्वस्तात टेनेरा म्हणून ड्युरा विकली जाते आणि पहिला घड फोडून बघेपर्यंत तीन-चार वर्षं गेलेली असतात. मग उत्पन्न कमी म्हणून आणखी जमीन हवी. लाकूडतोड्यांचा हेक्टरी चार टन हा चांगल्या मळ्याचा आकडा आहे, या माणसाच्या नशिबी तो नसतो. खरं तर याच लोकांना अस्सल रोपं आणि जुनी झाडं बदलण्याच्या तीन वर्षांचा खर्च मिळाला, तर नवीन जमीन न फोडता कितीतरी तेल वाढेल. 'पाम बंद' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यात हा शेतकरी कुठेच नसतो, त्याची मला चीड येते.

रसायनी

अवांतर: १९८१ पर्यंत मलेशियात पामचं परागीकरण मजूर हाताने करायचे, परागांची भुकटी फवारून. कारण झाड आणलं होतं, त्याचा किडा आफ्रिकेतच राहिला होता. मग कॅमेरूनहून एक बारीकसा सोंडकिडा आणून सोडला. फळधारणा वाढली, मजुरी वाचली, आणि मळे वाढवणं एकदम सोपं झालं. एवढ्याशा किड्याने बोर्निओचा नकाशा बदलायला हातभार लावला म्हणायचं.

निवांत (धागाकर्ता)

पाणथळ आणि डोंगरवाट यांनी माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट मांडला. खारूताई, जागेचा दोष म्हणजे माणसाचा नाही असं मला म्हणायचं नव्हतं. जागा कळली तर माणूसही पकडता येतो, म्हणून मी जागेच्या मागे आहे.

आता प्रमाणपत्राबद्दल, कारण कुणीतरी विचारणारच. २००४ मध्ये आरएसपीओ नावाची संस्था निघाली, कंपन्या आणि पर्यावरण संस्था एकत्र बसवून. जगातलं साधारण पाचवा हिस्सा तेल आज त्यांच्या प्रमाणपत्राखाली आहे. २०१८ पासून त्यांच्या नियमांत जंगल तोडून किंवा पीटवर नवी लागवड करायला बंदी आहे. कागदावर उत्तम. पण प्रमाणित तेलाचे प्रकार बघा. एकात तेल मळ्यापासून शेवटपर्यंत वेगळं ठेवतात. दुसऱ्यात, ज्याला मास बॅलन्स म्हणतात, प्रमाणित आणि अप्रमाणित तेल एकाच टाकीत मिसळतं आणि हिशेब फक्त वहीत जुळवतात. तिसऱ्यात तर नुसती क्रेडिटं, म्हणजे प्रमाणित तेलाच्या नावाचे कागद, विकत घ्यायची, तेल कुठूनही आणा. तिन्हींच्या मागे तीच संस्था. पुड्यावरच्या चिन्हाजवळ 'मिश्र' असं बारीक अक्षरात असलं, तर आतलं तेल झुकलेल्या झाडांच्या मळ्यातलंही असू शकतं.

तरी मी प्रमाणपत्राला नावं ठेवणार नाही. वेगळं ठेवायला पैसा लागतो आणि तो द्यायला गिऱ्हाईक तयार नाही. पिकवलेलं प्रमाणित तेलही सगळं प्रमाणित म्हणून विकलं जात नाही, बरंचसं साध्या भावाने जातं. पाम तेलाचा सर्वांत मोठा आयातदार भारत आहे, आणि आपल्याकडे पुडा घेताना 'प्रमाणित आहे का' हे विचारतंय कोण?

लाकूडतोड्या

बहिष्काराचं काय होतं त्याचा नमुना. ब्रिटनमधल्या आइसलँड नावाच्या दुकानसाखळीने २०१८ मध्ये आपल्या मालातून पाम काढणार म्हणून जाहीर केलं, भरपूर वाहवा झाली. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धाने सूर्यफुलाचं तेल मिळेना, तेव्हा त्यांना काही मालात पाम परत आणावं लागलं. त्याच वर्षी इंडोनेशियाने घरचे भाव आवरायला काही आठवडे निर्यात बंद केली, तर साऱ्या जगाला घाम फुटला.

आणि सगळं खापर खाऊवर फोडू नका. इंडोनेशियातलं पाम तेल गाड्यांच्या टाकीतही जातं. तिथे २०२० पासून डिझेलमध्ये ३० टक्के पाम मिसळायचा नियम होता, २०२५ मध्ये तो ४० टक्क्यांवर नेला. युरोपनेही वर्षानुवर्षं पाम तेल 'हरित इंधन' म्हणून जाळलं आणि आता २०३० पर्यंत ते थांबवायचं म्हणतंय. तुम्ही पुडा खाली ठेवलात तर ते तेल ट्रकमध्ये जाईल.

खारूताई

ट्रकमध्ये जाईल म्हणून मी खाऊ? हे तर्कट झालं.

पण एक मान्य, माझ्या पुडा ठेवण्याने कंपनीला फरक पडत नाही. लोक एकत्र मागे लागले की पडतो. २०१० मध्ये ग्रीनपीस या पर्यावरण संस्थेने किटकॅटवरून नेस्लेच्या मागे धोशा लावला होता. दोनेक महिन्यांत कंपनीने जंगलतोडीतलं तेल न घेण्याचं धोरण जाहीर केलं. आणि इंडोनेशियात पामसाठी होणारी जंगलतोड गेल्या दशकात तिच्या शिखरापेक्षा बरीच खाली आली, त्यात अशा दबावाचा, सरकारच्या नव्या परवान्यांवरच्या स्थगितीचा आणि पडलेल्या भावांचा वाटा आहे. म्हणजे ओरड अगदीच फुकट जात नाही.

बारीकसारीक

माझा साधा प्रश्न. ज्यांना मागे लागायचंय त्यांनी नेमकं मागायचं काय?

पाणथळ

गिरण्यांची यादी. नेस्ले आणि युनिलिव्हरने २०१८ मध्ये आपण ज्या गिरण्यांमधून तेल उचलतो त्यांची यादी उघड केली. युनिलिव्हरच्या यादीत चौदाशेहून जास्त गिरण्या होत्या. गिरणीचं ठिकाण कळलं की उपग्रहाच्या चित्रांवर आजूबाजूची तोड बघता येते. डोंगरवाट म्हणाले तसं फळ एका दिवसात पोचायला हवं, म्हणजे ते फार लांबून आलेलं नसतं. नाशवंतपणाचा हा एक फायदा. तुमच्या आवडीच्या पुड्याची कंपनी यादी देते का, हे पहिलं विचारा. दुसरं, यादीतल्या किती गिरण्यांच्या आसपास पीट आहे.

डोंगरवाट

यादीवर फार विसंबू नका एवढंच सांगतो. यादी गिरणीच्या फाटकापाशी संपते. फाटकात येणारा ट्रक दलालाचा असतो, त्यात पाच-पंचवीस शेतकऱ्यांचे घड एकत्र असतात, आणि त्यातले चार घड राखीव जंगलातले असले तरी त्यांच्यावर तसं लिहिलेलं नसतं. सुमात्रातल्या तेस्सो निलो राष्ट्रीय उद्यानाचा मोठा भाग आज पामखाली आहे. तिथलं फळ कुठल्या ना कुठल्या गिरणीत जातंच ना? युरोपच्या २०२३ च्या जंगलतोडविरोधी कायद्यात म्हणूनच शेताच्या तुकड्याचं अक्षांश-रेखांशासह ठिकाण मागितलंय आणि ३१ डिसेंबर २०२० नंतर तोडलेल्या जमिनीवरचा माल नाकारलाय. पण त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली जातेय, आणि दोन हेक्टरवाल्याने हे नकाशे काढायचे कुणाच्या पैशाने, हे कुणी ठरवलेलं नाही. त्याला नाही जमलं तर मोठे मळे युरोपला विकतील आणि हा जिथे कुणी काही विचारत नाही तिथे विकेल.

खारूताई

म्हणजे आपल्याकडे.

डोंगरवाट

हो. सध्या तरी.